बिलावर 'फेशियल', गालात भलतंच

टायफॉइडनंतर माझं अकरा किलो वजन उतरलं आणि गाल आत गेले. 2023 च्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी अमळनेरला गेले, तर काकूंनी झोक्यावरच हात धरला. "काय व्हयनं व माय, तोंड किती उतरी गयं!" त्यांनी मायेनेच म्हटलं होतं, पण ते माझ्या मनातून जाईना. महिन्याभराने भाचीचं लग्न होतं.

मी पारोळ्याची. जळगावच्या एका स्किन सेंटरची जाहिरात मोबाईलवर दिसली आणि मी एकटीच बस धरून गेले. घरी फक्त नणंदेला सांगितलं होतं. पांढऱ्या कोटातल्या बाईंनी मला सगळे पर्याय समजावले, निदान मला तरी तसं वाटलं. "इम्प्लांट म्हणजे गाल चिरतात ताई, जन्मभर व्रण राहतो. फॅट भरायचं तर पोटातून काढावं लागतं. कंपनीचा फिलर, म्हणजे गाल भरायचं इंजेक्शन, वर्षात विरघळतो, पैसे पाण्यात. आमचं लिक्विड इम्प्लांट घ्या. एकदाच सुई, पंधरा मिनिटं, कायमचं काम." मी 'कायमचं' या शब्दावर भुलले. 22 हजार भरले.

ट्रेमध्ये दोन सिरिंज आधीच भरून ठेवलेल्या होत्या. त्यांवर लेबल नव्हतं, जवळ खोकं नव्हतं. आतलं पाणी जरा तेलकट, जाडसर दिसलं. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि एक शब्द विचारला नाही, याचं दुःख अजून जात नाही. बिल मागितलं तर त्यावर लिहून आलं 'फेशियल पॅकेज'. मला वाटलं, त्यांची लिहायची पद्धत असेल.

लग्नातले फोटो छान आले. दीड वर्षाने डाव्या डोळ्याखाली वाटाण्याएवढी गाठ लागली. हळूहळू ती सुपारीएवढी झाली, कडक, वरून लालसर. सेंटरला फोन केला तर म्हणाल्या, "बर्फ लावा." नंतर फोन लागेनासा झाला. जाऊन पाहिलं तर शटरवर दुसऱ्याच दुकानाचा बोर्ड होता.

नाशिकच्या प्लास्टिक सर्जननी गालाची सोनोग्राफी करवली. आत कायमचा फिलर होता, बहुधा द्रव सिलिकॉन. मग त्यांनी टेबलाच्या खणातून गालाचं खरं इम्प्लांट काढून माझ्या हातात दिलं. घट्ट सिलिकॉनचा पांढुरका, बाकदार तुकडा. तो वरच्या ओठाच्या आतून, हिरडीच्या वर छेद घेऊन हाडावर बसवतात. बाहेर व्रण दिसत नाही. ऑपरेशन आहेच, भूल लागते. संसर्ग होऊ शकतो, तुकडा सरकू शकतो, गाल बधिर राहू शकतो. पण बिघडलं तर आख्खा तुकडा बाहेर काढता येतो.

कंपनीचा, म्हणजे हायल्युरॉनिक अ‍ॅसिड नावाच्या जेलचा, फिलर साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो आणि नको झाला तर हायल्युरॉनिडेज नावाच्या इंजेक्शनने विरघळवता येतो. म्हणजे बाईंनी जो दोष म्हणून सांगितला, तीच त्याची सोय होती. स्वतःची चरबी भरली तर त्यातली काही शरीर शोषून घेतं, उरलेली टिकते. माझ्या गालातलं मात्र ना विरघळतं, ना एका तुकड्यात निघतं. ते मांसात पसरलंय. कापून काढायचं तर चेहऱ्याच्या नसांना धोका. सध्या गाठीत स्टेरॉईडची इंजेक्शनं चालू आहेत. तीन झाली. गाठ थोडी नरम पडली आहे, गेलेली नाही.

बायांनो, सुई टोचायच्या आधी औषधाचं नाव विचारा. सीलबंद खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा आणि लॉट नंबरचं स्टिकर स्वतःच्या कागदावर चिकटवून घ्या. "नको झालं तर कसं काढणार?" हे तर विचाराच. मी एवढं एकच विचारलं असतं तरी वाचले असते. टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो, पोराला सांगितलं तर दोन मिनिटांत बघून देतो. आणि चांगल्या कंपनीचा फिलर घेतला तरीही, टोचल्यावर कातडी पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली, फार दुखलं किंवा डोळ्याला अंधुक दिसलं, तर बर्फ लावत घरी बसू नका. रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते, डोळा जाऊ शकतो. त्याच मिनिटाला दवाखाना गाठा.

1915 या ग्राहक हेल्पलाईनवर मी तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमवतेय. वकील म्हणतात, बिलावर फेशियल लिहिलंय, इंजेक्शन दिल्याचं दाखवणार कसं? माझ्याकडे पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आहे, सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे आणि "सूज दोन दिवसांत उतरेल ताई" हा सेंटरच्या बाईंचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे. जळगाव-धुळ्याकडच्या आणखी कुणाकडे असं 'फेशियल पॅकेज'चं बिल असेल, तर ते फाडू नका. मला कळवा, आपण मिळून तक्रार देऊ.