पीसीएनएल, आतड्याला इजा आणि नंतरची सेवा: ५ पैकी ४

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या तात्यांच्या, डाव्या मूत्रपिंडात अडीच सेंटीमीटरचा खडा होता. २ सेंटीमीटरच्या वरचा खडा बहुतेक वेळा पाठीतून दुर्बीण घालून काढतात (यालाच पीसीएनएल म्हणतात), म्हणून सोलापुरातल्या या खासगी रुग्णालयात दाखल केलं. ऑपरेशन नीट झालं, खडा निघाला, पाठीला नळी ठेवली. दुसऱ्या दिवशी मात्र ताप चढला, पोट फुगलं आणि रात्री नळीच्या पिशवीत लघवीबरोबर बुडबुडे अन् तपकिरी गाळ दिसला. रात्रपाळीच्या सिस्टरांनी पिशवी उजेडात धरली, वास घेतला आणि सकाळच्या राउंडची वाट न बघता सरांना फोन लावला. चार तारे आहेत ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

सीटीत कळलं की नळी मोठ्या आतड्यातून मूत्रपिंडात गेली आहे. असं शंभरात एखाद्यालाही होत नाही. काहींचं आतडं मूत्रपिंडाच्या मागे सरकलेलं असतं. डावी बाजू आणि काटकुळी अंगकाठी असेल तर धोका जास्त. तात्या दोन्हीत बसतात.

सरांनी कागदावर चित्र काढून आम्हाला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. छिद्र पोटातल्या पडद्याच्या बाहेर होतं, म्हणून पोट उघडावं लागलं नाही. मूत्रनलिकेत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी, टाकून लघवीला खाली वाट करून दिली. पाठीची नळी थोडी मागे ओढून आतड्यातच ठेवली, म्हणजे आतड्यातली घाण मूत्रपिंडात न जाता बाहेर पडत राहील. खाणं बंद, सलाईन आणि अँटिबायोटिक. पुढे नळीतून औषध सोडून एक्स-रे काढला, गळती नाही याची खात्री केली आणि मगच नळी हळूहळू काढली. तात्या आता शेतावर जातात.

एक तारा कापला तो संमतीपत्रासाठी. इंग्रजी छापील कागद, आतड्याचा उल्लेख बारीक अक्षरांत, आणि तो वाचून दाखवायला कोणी नाही. ऑपरेशनआधीच्या सीटीच्या अहवालातही खड्याचं माप होतं, आतड्याच्या जागेबद्दल एक ओळ नव्हती. सर म्हणाले, सीटी उताणं झोपवून काढतात आणि ऑपरेशन पालथं झोपवून होतं, त्यात आतडं हलतं. पटलं. तरी ती एक ओळ हवीच होती, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मराठीत पाच मिनिटं बोलायला हवं होतं. मेडिक्लेमच्या खिडकीवर माणसं सौजन्याने वागली, काम मात्र संथ.

इथे जाणार असाल तर सीटीची फिल्म समोर ठेवून ‘आतडं कुठे आहे?’ हे विचारा. आणि स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. तो आत विसरला तर त्याच्यावरच नवे खडे धरतात.