कानाचं मशीन, आठ महिने: मशीन ठीक, माईक सोनं, क्लिप भिकार

माईकची क्लिप तुटली म्हणून लिहायला बसलो, नाहीतर माझा आळस दांडगा. मशीन दोन्ही कानांचं, कानामागे बसणारं, चार्जिंगचं. चॅनेल किती, ब्लूटूथ कुठलं हे सगळीकडे छापलेलं आहे, ते इथे उगाळत नाही.

पहिले तीन महिने मी याच्या नावाने खडे फोडले. शांत खोलीत समोरासमोर बसलं की फर्स्टक्लास ऐकू येतं. पण घरात तसं बोलतं कोण? पाठमोरं बोलतात, पलीकडच्या खोलीतून बोलतात, मिक्सर लावला की तर हमखास काहीतरी आठवतं. नळ सोडलेला असताना हिने सांगितलं, सातला निघायचंय. मी ऐकलं आठ. "अहो, सात! सात!" असं ओरडून झालं तरी आठच. आवाज येत होता, 'स' येत नव्हता.

ऑडिओलॉजिस्टने समजावलं ते पटलं. ओरडल्यावर 'आ' फुगतो, 'स'ला तेवढा जोर येत नाही. शिवाय नळाच्या धारेचा आवाजही 'स'सारखाच फसफसता, त्यात तो बुडतो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, हे लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९११ मध्येच नोंदवून ठेवलंय. म्हणजे ही माझ्यावर चिडून ओरडत नव्हती. निदान दर वेळी नाही.

अ‍ॅपमधलं गोंगाट कमी करायचं बटण पार टोकाला नेऊन पाहिलं. डोक्याला त्रास कमी होतो, शब्द मात्र होते तिथेच राहतात. पुढच्या दिशेचं ऐकणारा मोड बरा, पण मान बोलणाऱ्याकडे वळवावी लागते, आणि आधी कुणी बोललंय हे कळावं लागतं!

त्या रागात दोन तारे देऊन मोकळा झालो होतो. ते मागे घेतो, कारण चौथ्या महिन्यात जिवावर उदार होऊन सोबतचा क्लिपवाला माईक घेतला. अंगठ्याएवढा. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा, आवाज थेट कानात. टेपने मोजलं: माझ्या खुर्चीपासून हिच्या तोंडापर्यंत १६० सेंटीमीटर, कॉलरपासून २०. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल मिळतात. इथे तीनदा निम्मं, म्हणजे १८. खोलीत भिंतींचे पडसाद मिसळतात, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण त्या दिवशी मला 'सात' ऐकू आलं. एवढ्या महागड्या मशीनला जे जमलं नाही ते त्या अंगठ्याने केलं.

चौथ्या दिवशी त्याचीही खोड कळली. माईकला अक्कल नाही, जवळचं ते मोठं एवढंच त्याला समजतं. ही नळाशी वाकली की नळ कानात. गळ्यातली साखळी घासली की खडखडाट. आता साखळी माईकपासून बाजूला असते आणि नळ बंद करून मगच बोलायचं असा आमचा करार आहे. अर्धा पाळला जातो.

आता क्लिप. नखाएवढं प्लॅस्टिक, पाचव्या महिन्यात मोडलं. सर्व्हिस सेंटर म्हणे क्लिप सुटी मिळत नाही, पूर्ण माईक घ्या. मी म्हटलं, गाडीचा आरसा फुटला तर गाडी बदलता का? त्यावर, साहेब, कंपनीची पॉलिसी. तीन फोन, दोन चकरा, शेवटी व्यवस्थापकांनी वॉरंटीत प्लॅस्टिक येत नाही हे कागदावर दाखवलं. कुरकुरत माईक घेतला. काल त्याचीही क्लिप गेली, त्याच जागी, तशीच.

तूर्त कपडे वाळत घालायचा चिमटा लावलाय. तो कॉलरवर टिकत नाही, खिशावर टिकतो. म्हणजे २० चे ४० सेंटीमीटर, म्हणजे ६ डेसिबल गेले. आज सकाळीच 'साठ'चं 'आठ' झालं. पाहुण्यांसमोर चिमटा लावायला हिचा नकार आहे, तोही मला दोनदा विचारून मगच कळला.

मशीनला तीन तारे, माईकला पाच, क्लिपला शून्य. खाच १२ मिलिमीटर रुंद आहे. त्यात बसेल अशी धातूची क्लिप कुणाला माहीत असेल तर कळवा.