प्रॉडक्ट डिझाईन शिकायचंय: बारावीनंतर थेट परदेश, की इथं डिग्री करून मग?

आधी पैशाचंच बोलू, काऊन की आपल्याकडं गाडं तिथंच अडते, कॉलेजचं ब्रोशर काय सगळ्यांचंच छान असते.

इंग्लंडमधे प्रॉडक्ट डिझाईन अँड मॅन्युफॅक्चर अशी सरळ डिग्रीच आहे, तीन वर्षांची, मधलं एक वर्ष दुसऱ्या देशात नाहीतर कंपनीत काढलं तर चार. नॉटिंगहॅम विद्यापीठात हा कोर्स आहे, आणि त्यांचे स्वतःचे कॅम्पस मलेशियात अन चीनमधल्या निंगबोत पण आहेत. ऐकायला भारीच आहे. पण बाहेरच्या पोरांना तिकडं इंजिनिअरिंगची फी साधारण २५-३० हजार पौंड वर्षाला पडते, वरून राहणं-खाणं, व्हिसा, आणि आरोग्याचा सरचार्ज म्हणून वर्षाला ७७६ पौंड वेगळे, सगळं मिळून तीन वर्षांत कोटीच्या घरात जाते. लोन काढू म्हणाल तर साडेसात लाखांच्या वर बँक बहुतेक वेळा तारण मागते, आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेतच नाहीत, एनए प्लॉट किंवा शहरातलं घर लागते. पंधरा एकर कोरडवाहू असलेला माणूस गावात मोठा असतो, बँकेच्या त्या टेबलासमोर नाही.

जर्मनी ऐकायला स्वस्त वाटते आणि आहे पण. बऱ्याचशा सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात सेमिस्टरला १५०० यूरो लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ पासून आपल्यासारख्यांना फी लावली. व्हिसासाठी मात्र ब्लॉक्ड अकाउंटमधे ११,९०४ यूरो दाखवा लागतात, आजच्या भावानं बारा लाखांच्या आसपास, ते तुमचेच असतात, दर महिन्याला ९९२ करून परत मिळतात, पण एकदा उभे तर करा लागतात ना! खरी अडचण वेगळीच आहे. नुसत्या बारावीवर तिथं थेट प्रवेश नाही, एक तर जेईई अॅडव्हान्स क्वालिफाय पाहिजे, नाहीतर इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजात एक वर्ष शिकलेलं पाहिजे, नाहीतर तिकडचं एक वर्षाचं स्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा कोर्स. आपली कागदपत्रं खरी असल्याचं एपीएसचं सर्टिफिकेट वेगळं. आणि बॅचलरचं शिक्षण जास्त करून जर्मन भाषेतच असते, म्हणजे बारावीसोबत भाषेचा क्लास, जो तालुक्याच्या गावी सापडत नाही, ऑनलाईनच करा लागते.

आता आपल्याकडचं. दोन वाटा आहेत. एक सीईटी देऊन अमरावती-चंद्रपूरच्या सरकारी कॉलेजात नाहीतर शेगावला मेकॅनिकल, जेईई मेन चांगली गेली तर नागपूरला व्हीएनआयटी. पोरींसाठी तर २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसला घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की राज्यातल्या प्रोफेशनल कोर्सची ट्युशन फी पूर्ण माफ आहे, कॅप राउंडनं, म्हणजे सरकारच्या सामाईक प्रवेश फेरीतून, अॅडमिशन घेतली तर, हे अजून गावात बऱ्याच बापांना माहीतच नाही. दुसरी वाट म्हणजे आयआयटीची बीडेस, म्हणजे डिझाईनचीच डिग्री, तिची परीक्षा यूसीड, आयआयटी मुंबई घेते, बारावीची कोणतीही शाखा चालते पण दोनदाच देता येते आणि तेही लागोपाठच्या वर्षी. जागा आयआयटी अन जबलपूरचं आयआयआयटीडीएम धरून तीनशेच्या आतच. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईनची, परीक्षा वेगळी. आयआयटी मुंबईचं डिझाईन सेंटर १९६९ चं आहे, तिथून आणि एनआयडीतून सेमिस्टर एक्स्चेंजवर बाहेर जाता येते, साध्या बीई कॉलेजातून ते फारसं जमत नाही.

शिकायला काय मिळते हा फरक मला फीपेक्षा मोठा वाटते. पाठीवरचा फवारणी पंप घ्या. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, कपाशी डोक्याएवढी वाढलेली आणि विष अंगावर. औषधाचा दोष होता, हातमोजे-मास्क नव्हते, सगळं खरं, पण डिझाईनवाला यात वेगळंच पाहते: सोळा लिटरची टाकी म्हणजे पाण्याचंच सोळा किलो, पट्टा खांद्यात कुठं रुततो, झाकणातून पाठीवर काय झिरपते, नोझल तोंडासमोर धरा लागते की मागं टाकता येते. हे बीडेसमधे शिकवतात, शेतात जाऊन माणसाकडं बघायला लावतात. मेकॅनिकलमधे तेवढ्यात थर्मोडायनॅमिक्सचे पेपर चाललेले असतात. पण मेकॅनिकलवाल्याला, त्यानं वर्कशॉप मनापासून केलं असलं तर, पुढचं कळते: टाकी ब्लो मोल्डिंगनं, म्हणजे गरम प्लास्टिक साच्यात फुगवून, काढायची, साच्याला लाखांत पैसे लागतात, पाचशे पंप विकून तो खर्च निघत नाही, मग शीट मेटल वाकवून काही होते का. ब्रिटिश कोर्सची गंमत हीच की ही दोन्ही डोकी एकाच वर्गात तयार करतात, आणि मधलं एक वर्ष कंपनीत घातलं की साचा कसा बिघडतो तेही दिसते. आपल्याकडं हे तुमचं तुम्हालाच जोडा लागते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं पीकेव्ही मिनी दालमिल काढली, वर्ध्याला एमगिरी ही ग्रामीण उद्योगांची संस्था आहे, हिंगणा-बुटीबोरीला एमआयडीसी आहे, सुट्ट्यांमधे तिथं इंटर्नशिप मागा, नाही म्हणाले तर दुसऱ्या दारात जा.

आणि बाप्पा, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरकारी स्कॉलरशिप. एससी पोरांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, क्यूएस या जागतिक विद्यापीठ रँकिंगच्या पहिल्या २०० विद्यापीठांत प्रवेश मिळाला अन निवड झाली तर फी, राहणं, विमानाचं तिकीट सगळं देते. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज एससीसोबत भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर अन पारंपरिक कारागिरांच्या पोरांनाही आहे. पण दोन्ही मास्टर्स आणि पीएचडीला, बारावीनंतरच्या डिग्रीला नाही! म्हणजे अठराव्या वर्षी कोटीचं लोन अन बाविसाव्या वर्षी तोच देश बिनपैशाचा, असंही होऊ शकते. जर्मनीत मास्टर्सला इंग्रजीतले कोर्स पण भरपूर आहेत.

म्हणून माझं मत सरळ आहे, घरी शेतीशिवाय दुसरं उत्पन्न नसलं तर डिग्री इथं, परदेश मास्टर्सला. थेट इंग्लंडला त्यानंच जावं ज्याच्या घरी नोकरीचा पगार आणि गहाण टाकायला घर दोन्ही आहे, आणि तिकडं राहून लोन फेडू या भरवशावर तर नकोच, काऊन की शिक्षणानंतर कामासाठी मिळणारा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा जानेवारी २०२७ पासून दीड वर्षाचा होतोय. जेईई अॅडव्हान्स निघाली आणि आयआयटी थोडक्यात हुकली, असं पोट्टं असलं तर मात्र जर्मनी नक्की बघा, त्याला अॅडव्हान्सचा तो निकाल तिकडं कामी येते.

यूसीड द्यायची असली तर चित्रकलेचा हात आत्तापासून बसवा, पार्ट बी मधे कागदावर काढा लागते, आणि फॉर्म ऑक्टोबरात सुटतात, नेमके सोयाबीन काढणीच्या धांदलीत, तेव्हा जातीचा अन नॉन-क्रिमिलेअरचा दाखला पोळ्याच्या आधीच सेतूतून काढून ठेवा.