सामायिक तालिकेतील नोंद क्रमांक : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कोहा ही ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी संगणक प्रणाली; ती काय काय करते, हे येथे सांगत बसत नाही. ग्रंथालयात काम करणाऱ्यांना ते ठाऊक आहे. देवगड आणि मालवण तालुक्यांतील आम्हा तीन लहान ग्रंथालयांची मिळून एकच तालिका (कॅटलॉग) असावी, म्हणजे खाडीपलीकडच्या वाचकाला आमच्या कपाटातले पुस्तक घरबसल्या दिसेल, या हेतूने आम्ही गेल्या ऑक्टोबरात भाड्याच्या सर्व्हरवर काम सुरू केले. आधी आमच्या नोंदी चढल्या. उरलेल्या दोघांच्या नोंदी मे महिन्यात आल्या. तोपर्यंत मला विचारले असते, तर मी डोळे झाकून शिफारस केली असती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुकताच लागला होता तेव्हा, आमच्या एका निवृत्त शिक्षक सभासदांनी एक कादंबरी परत केली. दाखल क्रमांकाचा, म्हणजे प्रत ग्रंथालयात येताच तिला मिळणाऱ्या क्रमांकाचा, बारकोड वाचताच पडद्यावर हापूस लागवडीच्या पुस्तकाचे नाव आले. चिठ्ठी चुकीची चिकटली असेल, असे समजून मी दुसरे पुस्तक घेतले, मग तिसरे. संध्याकाळपर्यंत लक्षात आले की कपाटातली पुस्तके जागेवर होती, बारकोड बरोबर होते, पण त्यांच्यावरची शेकडो शीर्षके शेजारच्या ग्रंथालयाची झाली होती.

कारण कळायला दोन दिवस लागले. मार्क २१ हा ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा ठरलेला आराखडा. त्यातील नोंदीत ००१ या क्षेत्रात नियंत्रण क्रमांक, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक, असतो आणि तो कोणी दिला, हे ००३ मध्ये लिहायचे असते. तिन्ही ग्रंथालयांनी पूर्वी आपापल्या संगणकावर कोहाच वापरले होते, आणि ००१ रिकामे असल्यास तेथे कोहाने स्वतःचा अनुक्रमांक भरावा, अशी मांडणी तिघांकडेही होती. त्यामुळे ४१२ हा क्रमांक आमच्याकडे कादंबरीचा, दुसऱ्याकडे आंब्याच्या पुस्तकाचा आणि तिसऱ्याकडे कुठल्याशा दिवाळी अंकाचा होता. ००३ तिघांकडेही कोरे होते. पुरवठादाराच्या माणसाने आयात करताना जुळणीचा नियम म्हणून, म्हणजे दोन नोंदी एकाच पुस्तकाच्या आहेत हे कशावरून ठरवायचे यासाठी, ००१ निवडला आणि जुळणारी नोंद सापडल्यास तिच्या जागी नवी ठेवावी, असा पर्याय दिला. प्रणालीने सांगितले तेवढे काम चोख केले.

त्या रात्री मी कोहाला मनसोक्त दोष दिला. दाखल क्रमांकाच्या बाबतीत हीच प्रणाली किती कडक आहे! एका आधारसामग्रीत (डेटाबेसमध्ये) एकच बारकोड दोनदा चालत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक ग्रंथालयाची रोमन खूण त्याच्या आधी लावली होती. ००१ च्या बाबतीत मात्र तिने चकार शब्द काढला नाही. आता तो राग थोडा निवळला आहे. दाखल क्रमांक प्रतीचा असतो, दाखल नोंदवहीमुळे तो आम्हाला जन्मापासून ठाऊक आहे; नोंद क्रमांक शीर्षकाचा असतो आणि त्याची वही आमच्यापैकी कोणीच कधी ठेवलेली नव्हती. अर्थात पैसे घेऊन हे काम करणाऱ्याला तरी ते माहीत असायला हवे होते. त्याचे उत्तर असे की तुम्ही दिलेल्या फायलीतच ००३ नव्हते. उत्तर खरे होते, म्हणूनच अधिक चीड आली.

आयातीपूर्वीच्या नोंदींची राखीव प्रत (बॅकअप) शिल्लक होती, ती परत चढवली. मधल्या दिवसांची देवघेव मात्र कागदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरावी लागली, आणि त्यातही वीज दिवसातून चारदा जात होती. दुसऱ्या वेळी प्रत्येक फायलीत ००३ भरले आणि मूळ क्रमांक ०३५ मध्ये, कंसात ग्रंथालयाची खूण लिहून, ठेवला. एकाकडून दुसऱ्याकडे नोंद जाते तेव्हा क्रमांक असाच न्यायचा असतो.

आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकावर, जुळवा, असा सल्ला अनेकांनी दिला. तो अर्धाच उपयोगी आहे. आमच्या संग्रहातल्या जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक मुळीच नाही. त्यानंतरच्या, पण १ जानेवारी २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर तो सहसा दहा अंकी असतो. तेरा अंकी करताना आधी ९७८ लागतो आणि शेवटचा तपासणी अंक नव्याने काढावा लागतो, त्यामुळे नुसती अक्षरे ताडून पाहिली तर तेच पुस्तक दोन ठरते. कोहात दोन्ही रूपे ताडून पाहण्याची सोय आहे, ती मुद्दाम सुरू करावी लागते. ज्यांना आयएसबीएनच नाही, ती पुस्तके आम्ही दोघीजणी शीर्षक, लेखक आणि आवृत्ती पाहून हातानेच जुळवतो आहोत. गणपतीला चाकरमान्यांनी आणून दिलेल्या पेट्यांतली पुस्तके यात सर्वांत त्रासदायक, कारण तीच ती लोकप्रिय शीर्षके तिन्ही गावांत पोहोचलेली आहेत.

या एकत्रीकरणातच माझी दुसरी तक्रार आहे, आणि ती क्षुल्लक वाटली तरी मी सोडणार नाही. हिवाळ्यात आम्ही कणकवलीहून क्यूआर चिठ्ठ्या छापून पुस्तकांवर लावल्या. त्यांतील दुव्यात कोहाचा अंतर्गत नोंद क्रमांक आहे. दोन नोंदी एक केल्या की एक क्रमांक उरतो, दुसरा पुसला जातो. शेजाऱ्यांची नोंद ठेवली, तर आमची चिठ्ठी ‘अशी नोंद नाही’ असे सांगते. मोठ्या सामायिक तालिकांत विलीन झालेला क्रमांक नव्या नोंदीत जपून ठेवतात; ओसीएलसी या ग्रंथालयांच्या जागतिक सहकारी संस्थेकडे त्यासाठी ०१९ हे क्षेत्र आहे. आम्ही ते काम हाताने करतो, जुना क्रमांक ०३५ च्या रद्द क्रमांकांसाठी असलेल्या उपक्षेत्रात लिहितो, आणि निदान शोधला तर सापडतो. चिठ्ठी मात्र तेवढ्याने जिवंत होत नाही. दुव्यात दाखल क्रमांक घातला असता तर हा खर्च वाचला असता, हे आता कळते. पण छपाईची पावती फाइलमध्ये लागलेली आहे आणि देणगीदारांना हिशेब दिलेला आहे. म्हणून सध्या आमचा नियम असा की, दोन नोंदींपैकी जिच्यावर चिठ्ठ्या लागल्या आहेत तीच ठेवायची, मग दुसरी कितीही सुबक भरलेली असो. शेजारच्या ग्रंथपालबाईंना हे पटलेले नाही. त्यांच्या नोंदी खरोखरच चांगल्या आहेत, म्हणून त्यांचे विषयशीर्षक मी आमच्या नोंदीत उतरवून घेते.

प्रणाली सोडायची नाही, एवढे तिघांनीही ठरवले आहे. पुरवठादाराचे नूतनीकरण ऑक्टोबरात आहे. यापुढे कोणतीही आयात करण्यापूर्वी जुळणीचा नियम लेखी कळवावा आणि दर तिमाहीस ००१, ००३ व ०३५ यांसह सर्व नोंदींची फाइल द्यावी, अशा दोन अटी मी पत्रात घातल्या आहेत. पत्र पोस्टाने पाठवले आहे, पोच अजून आलेली नाही.