शिसवीच्या चकत्यांखालचं जुनं भोक: लॉकबॅक चाकूत गेलेले १८,८८० रुपये

ॲपवर भेटलेल्या एका कारागिराला घडीचा चाकू हाताने बनवायला सांगितला आणि फसलो. आकडा आधीच सांगतो, म्हणजे खाली कुणी 'नक्की किती गेले?' विचारत बसणार नाही. बुकिंगचे ७,५००. 'हीट ट्रीटमेंटचे', म्हणजे पातं तापवून कडक करण्याचे, ४,०००. चाकू तयार झाला म्हणून ७,०००. कुरिअरचे ३८०. झाले १८,८८०. शिवाय चाकू खोटा आहे हे सिद्ध करायला कडकपणा तपासणीचे २५० आणि धातू तपासणीचे ६०० पुन्हा माझ्याच खिशातून.

ठरलं होतं ते असं: लॉकबॅक, म्हणजे उघडलेलं पातं पाठीवरच्या दांड्याने अडकून राहतं तो चाकू; डी२ या हत्यारी पोलादाचं ८५ मिमी लांब, ३ मिमी जाड पातं, कडकपणा ५९-६० एचआरसी (रॉकवेल माप), पितळी बोल्स्टर (मुठीच्या तोंडाशी असते ती धातूची टोपी), शिसवीची मूठ, आणि लॉक दाबायची खाच मुठीच्या पार मागच्या टोकाला. आला तो कारखान्यातला तयार चाकू. त्याची प्लॅस्टिकची मूठ काढून लाकडाच्या चकत्या चिकटवलेल्या, मूळ छाप घासून वर स्वतःचा शिक्का मारलेला.

असले लोक गळाला कसे लावतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या चाकूंचे फोटो, 'दादा, या महिन्यात एकच जागा उरलीय', रात्री साडेअकराला गोड व्हॉइस नोट. ते उगाळत नाही. पण मी नवखा नव्हतो हो. पोलादाचे ग्रेड आणि लॉकचे प्रकार मला झोपेतून उठवून विचारा. लाज वाटते ती त्याचीच.

कारण समजायची वेळ आली होती, ढळढळीत आली होती. ४,००० मागताना त्याने एक व्हिडिओ पाठवला: कोळशाच्या भट्टीतून चिमट्याने लालबुंद पातं काढलं आणि सरसर तेलात बुडवलं. खाली लिहिलेलं, 'तुमच्या डी२ ला पाणी दिलं'. आता डी२ मध्ये जवळपास १.५ टक्के कार्बन आणि ११ ते १३ टक्के क्रोमियम. त्याला साधारण १०१० ते १०३० अंशांना नेऊन तिथे वीस-तीस मिनिटं धरून ठेवावं लागतं, तेव्हा कुठे कार्बाइडं (पोलादातले कार्बनचे कडक कण) हवी तेवढी विरघळतात. त्यासाठी तापमान दाखवणारी इलेक्ट्रिक भट्टी लागते आणि पात्याभोवती स्टेनलेसच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, नाहीतर वरचा कार्बन जळून जातो. थंड करायला तेलही लागत नाही. ते हवेत कडक होणारं पोलाद आहे, लोक ॲल्युमिनियमच्या दोन पाट्यांमध्ये दाबून धरतात. चेरीसारखा लाल रंग म्हणजे ७५० ते ८०० अंश. तेवढ्यावर १०९५ सारखं साधं कार्बन पोलाद तेलात घातलं तर कडक होईल, डी२ बिलकुल नाही.

हे सगळं मला माहीत होतं! तरी मी काय म्हटलं? मोबाइलच्या कॅमेऱ्यात रंग खरा दिसत नाही. हा फक्त दाखवायचा व्हिडिओ असेल, खरं काम बाहेर करून घेत असेल. बरेच चांगले कारागीर हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतात, हे खरंच आहे, त्यामुळे स्वतःला पटवायला सोपं गेलं. आणि ७,५०० आधीच गेलेले असले की माणूस पुढच्या ४,००० साठी स्वतःच वकिली करतो.

दुसरी खूण पुढच्या फोटोत. लॉकबॅकचा दांडा म्हणजे सी-सॉ. मधल्या पिनेवर डुलतो, मागे स्प्रिंग त्याला वर ढकलते, म्हणून पुढचा दात पात्याच्या शेपटीतल्या खाचेत बसतो. दाबायची जागा मुठीच्या मध्यावर ठेवायची की शेवटाला, यावर दांड्याची लांबी, मधल्या पिनेची जागा, स्प्रिंगचा ताण सगळं ठरतं. १९६४ च्या बक ११० या अमेरिकी घडीच्या चाकूत ती शेवटाला आहे, मला तशीच हवी होती. फोटोत ती मध्यावर होती. विचारलं तर म्हणाला, 'सर, मजबुतीसाठी बदल केला.' हा बदल कानशीने होत नाही, आख्खा आराखडा नव्याने काढावा लागतो. फोटोतला चाकू आधीपासून बनलेला होता, एवढाच त्याचा अर्थ. इथे मी थांबायला हवं होतं. मी 'ओके' लिहिलं.

चाकू आला. उघडून टोक धरलं तर वरखाली दीड मिलिमीटर हलतं. दात पिव्होटपासून (पातं फिरतं त्या पिनेपासून) ६ मिमीवर, टोक ९० मिमीवर, म्हणजे पंधरा पट. दाताशी ०.१ मिमी ढिलाई असली की टोकाशी दीड मिमी दिसणारच. हाताने बसवलेल्या लॉकमध्ये पिव्होटचं भोक रीमरने अचूक मापाला आणलेलं असतं, आणि खाच किंचित निमुळती ठेवतात, म्हणजे झीज झाली तरी दात अजून खोल बसतो. इथे खाचेच्या भिंती सरळ, कडेला साच्याने कापल्याची बारीक कोर.

मग हेअर ड्रायरने मूठ तापवली. इपॉक्सी (चिकटवायचा गोंद) मऊ पडलं तशी पातळ सुरीने चकती उचलली. खाली स्टीलच्या लायनरमध्ये (चकतीखालच्या पट्टीत) स्क्रूची तीन जुनी भोकं, इपॉक्सीत पितळेचा कीस कालवून बुजवलेली. पात्याच्या बुडाशी, धार सुरू होते त्याच्या मागे, व्हर्नियर लावला: एका जागी २.४, शेजारी २.७. छाप घासली ती जागा. ठरलेले ३ मिमी कुठेच नाहीत. नवी कानस शेपटीवर फिरवली तर चक्क चावली. ५९-६० एचआरसीवर ती घसरते. यंत्रावर आकडा आला ५१. धातू तपासणीत क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम जवळपास शून्य. डी२ मध्ये ही दोन्ही असतात. म्हणजे ४२० च्या जातीचं स्वस्त स्टेनलेस. (हाती धरायचं एक्स-रे यंत्र कार्बन मोजत नाही, तेव्हा 'कार्बन किती?' हा प्रश्न तिथे विचारून हसू करून घेऊ नका.)

कुणाला चाकू बनवून घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी विचारा: पिव्होटला कितीचा रीमर वापरता? स्प्रिंगचा कडकपणा किती ठेवता? ४४ ते ४८ च्या आसपास उत्तर आलं तर माणूस कामातला. 'फुल हार्ड, सर' म्हणाला तर फोन ठेवा, तशी स्प्रिंग मोडते. आधी किती लॉकबॅक केलेत, हेही विचारा. सरळ मुठीचे सुंदर सुरे करणाऱ्याला घडीचा चाकू जमेलच असं नाही. एक चकती न लावता आतल्या यंत्रणेचा फोटो मागा, पातं उघडं आणि मिटलेलं. दोन्ही वेळी दांड्याची पाठ लायनरशी सपाट हवी, नखाला अडता कामा नये. लायनरच्या आतून तुमची आद्याक्षरं ठोकायला सांगा आणि ती चकती चिकटवण्याआधीच्या फोटोत दिसू द्या.

'दमास्कस', म्हणजे थर जोडून घडवलेलं नक्षीदार पोलाद, म्हणत असेल तर नक्षी पात्याच्या पाठीवरून पलीकडे वळते का ते बघा. छापलेली नक्षी काठाशी संपते आणि पॉलिश पेपरने जाते. सांबरशिंगाची मूठ देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो व्यापारच गुन्हा आहे. आणि निम्म्याच्या आसपास आगाऊ? नको. कित्येक नावाजलेले कारागीर एक पैसा आगाऊ घेत नाहीत.

आता आपली यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'चाकू कशाला लागतो तुम्हाला?' फसवलेला मी, आणि जबाब माझाच. रामपुरी, बटण, गँग, सगळं ऐकून घेतलं. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात आणि घरकामाचे चाकू वगळलेत, हे मी छापून नेलं होतं. माझं पातं साडेतीन इंचही नाही. (महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश असताना खिशात घेऊन फिरू नका, ती गोष्ट वेगळी.) कागद उलटासुद्धा केला नाही. मग साहेब म्हणाले, 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला.' अहो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या उदाहरणांतच खोटा नमुना दाखवून माल गळ्यात मारणं लिहिलंय! 'वकील आहात का?' नाही. 'मग या.' तीन खेपा, तीन वेगळे अंमलदार, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट, आणि शेवटी साध्या कागदावर शिक्का.

बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ज्या ॲपवर त्याचं पान आहे त्यांना नियमभंग आढळला नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्यागेल्या करायचा असतो, तेव्हा ते पुढच्या खात्यात अडवता येतात. मी केला अकरा आठवड्यांनी, कारण चाकू आलाच तेव्हा.

उरला ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे तेव्हा होतं काय? एक मोबाइल नंबर, यूपीआयवरचं नाव, आणि कुरिअरच्या पावतीवर कुरिअरच्याच शाखेचा पत्ता. म्हणून पहिला रुपया पाठवण्याआधी कारखान्याचा पूर्ण पत्ता घ्या आणि त्यावर स्पीड पोस्टने एक पत्र टाकून बघा, पोचल्याची नोंद येते का. पार्सल फोडतानाचा व्हिडिओही काढा, एका दमात, मध्ये न थांबवता. माझा दोन तुकड्यांत आहे आणि नोटिशीच्या उत्तरात त्याने नेमकं तेच धरलंय.

आयोगातली पुढची तारीख साडेतीन महिन्यांनी. तोवर चाकू, सुटी चकती आणि दोन्ही तपासण्यांचे कागद एका पाकिटात सीलबंद. साधा आंबासुद्धा कापता येत नाही त्याने.