प्लगवर ०.३५८ कोरलं होतं, म्हणून मी मोजलं नाही

फसलो ते दीडशे डॉलरला. रक्कम तशी फार नाही. पण भोसरीच्या एका कारखान्यात अकरा वर्षं मी क्वालिटीत काढलीत. मायक्रोमीटर हातात नसला की चुकल्यासारखं वाटायचं. अशा माणसाला कुणी मापातच टोपी घालावी, हे पैशांपेक्षा जास्त लागलं. म्हणून लिहितोय, इथे अमेरिकेत आपल्यातले बरेच जण आता नेमबाजीच्या रेंजवर दिसतात आणि त्यातले काही रीलोडिंगकडे, म्हणजे झाडलेली काडतुसं घरीच पुन्हा भरण्याकडे, वळताहेत.

(भारतातल्या वाचकांसाठी: तिकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे. टेक्सासात मात्र लोक गॅरेजमध्ये प्रेस लावून हे काम करतात, तसा मीही करतो.)

माझं पिस्तूल नऊ एमएमचं. त्याच्या बॅरलमधून मऊ शिशाचा तुकडा ठोकून काढला आणि मोजला, तर ग्रूव्हचं (बॅरलच्या आतल्या खाचांचं) माप भरलं ०.३५६५ इंच. कारखान्याची तांब्याच्या आवरणाची गोळी ०.३५५ ची असते. शिशाची ओतीव गोळी बॅरलपेक्षा किंचित जाड लागते, नाहीतर मागचा गरम वायू कडेने निसटतो, गोळीची कड खातो आणि ते शिसं बॅरलला जाऊन चिकटतं. म्हणून मी ०.३५८ च्या गोळ्या घेतो.

आता गोम अशी की नऊ एमएमचे डाय, म्हणजे प्रेसवर लावायचे साचे, बनतात ते ०.३५५ च्या गोळीसाठी. पहिला डाय पितळी केस, म्हणजे काडतुसाची नळी, आवळतो. दुसऱ्यातला एक्स्पांडर प्लग तिचं तोंड आतून मोठं करतो, पण तेवढ्याच गोळीपुरतं. त्यात जाड गोळी दाबली की केस जिंकते. पितळ कडक, शिसं मऊ, गोळीच आत चेपली जाते. शेवटचा क्रिम्प डाय केसचं फाकलेलं तोंड गोळीभोवती दाबून बसवतो. त्यात काही कंपन्या अतिकठीण कार्बाइडची रिंग घालतात. ती भरलेलं काडतूस बाहेरून पुन्हा एकदा आवळते, म्हणजे उरलीसुरली जाडीही गेली. वरून काडतूस दिसायला अगदी देखणं. आतली गोळी कधीच ०.३५८ ची राहिलेली नसते.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही फसलो. किंबहुना माहीत होतं म्हणूनच फसलो, कारण विकणारा माझ्याच भाषेत बोलत होता.

गन शोमध्ये त्याचं टेबल होतं. लाल प्लास्टिकच्या डब्यात चार डाय, झाकणावर मार्करने लिहिलेलं: ‘जाड कास्ट गोळ्यांसाठी खास’. म्हणाला, प्लग स्वतः लेथवर मोठा केलाय आणि क्रिम्प डायची रिंग आतून घासून मोकळी केलीय. प्लग काढून दाखवला. पोलादावर इलेक्ट्रिक पेनने कोरलेलं, ०.३५८. जरा वाकडंतिकडं, पण त्यामुळेच हाताने केलेलं काम वाटलं. नवा साधा सेट यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. मी मात्र कारागिराचा हात म्हणून वरचे पैसे मोजले. कार्ड घेत नाही म्हणाला. पेमेंट अ‍ॅपवर पाठव, पण ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवड, मला फी पडत नाही. मी तेच केलं. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण मिळत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आठवलं होतं. दीडशे डॉलरसाठी कुठे घासाघीस करायची, एवढाच विचार केला.

पहिली पन्नास काडतुसं झाडल्यावर बॅरलमधून उजेडाकडे पाहिलं, तर आत राखाडी पट्टे. ब्रशला शिशाच्या कातळ्या लागून आल्या. त्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, ‘तुझं सेटिंग चुकतंय, एक्स्पांडर डाय आणखी अर्धा फेरा खाली घे.’ घेतला. केसचं तोंड कर्ण्यासारखं फाकलं, तीन केसेस चिरल्या, शिसं तेवढंच. पुन्हा फोन. आता म्हणे गोळीचं शिसं मऊ आहे. मग म्हणे वंगण बरोबर नाही. यात जवळपास तीन आठवडे गेले. बायको एकदा गॅरेजमध्ये डोकावून म्हणाली, ‘अहो, गिऱ्हाईक तुम्ही आहात की तो?’

डाय वर-खाली केल्याने काय बदलतं, हे मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं. फक्त तोंडाचा फाकवा. जिथे गोळी बसते तिथला व्यास ठरतो प्लगच्या जाडीने, आणि जाडी फेरे देऊन वाढत नसते. पहिल्याच फोनवर त्याने मला खोट्या दिशेला लावलं होतं, आणि मी पाना घेऊन निघालो होतो.

रेंजवर एक निवृत्त टर्नर येतात, सत्तरीच्या पुढचे. माझं रडगाणं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, ‘प्लग मोजलास?’

घरी जाऊन मोजला. ०.३५३०. साधा, कारखान्यातून आलेला प्लग. भिंगातून पाहिलं तर कोरलेल्या आकड्यांखाली मूळ गुळगुळीत पृष्ठभाग जसाच्या तसा, लेथच्या टोकाची एकही रेघ नाही. शिवाय जो प्लग आधी ०.३५३ चा होता तो कापून ०.३५८ चा कसा होईल? लेथवर माल कमी होतो, वाढत नाही! हे मला, भोसरीत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला, टेबलापाशी सुचलं नव्हतं.

मग नीट तपासणी केली. दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) न घालता दहा डमी काडतुसं केली. पाच क्रिम्प डायमध्ये घातलीच नाहीत, पाच घातली. हातोडीसारख्या पुलरने आपटून गोळ्या बाहेर काढल्या आणि बुडाशी मोजल्या. आत जाताना सगळ्या ०.३५८. क्रिम्पआधी काढलेल्या ०.३५६४ च्या आसपास. क्रिम्प डायमधून आलेल्या ०.३५५३. म्हणजे ती रिंगही जागेवर, अस्पर्श. कार्बाइडवर कानस चालत नाही, हिऱ्याची पेस्ट लागते. त्याने तिला हातसुद्धा लावला नव्हता.

आणि प्रश्न फक्त बॅरल घासण्याचा नाही. रिंगने आवळल्यावर पितळ थोडं परत उसळतं, शिसं उसळत नाही. पकड सैल होते. मॅगझिनमधून वर येताना गोळी आपटून आत सरकू शकते. नऊ एमएमच्या लहान केसमध्ये गोळी थोडी जरी आत गेली तरी दाब झपाट्याने चढतो. मी एक डमी अंगठ्याने टेबलाच्या कडेवर दाबून पाहिली, गोळी सरकली. त्यानंतर त्या सेटवर भरलेलं प्रत्येक काडतूस मी मोडलं.

पैसे? आकडे आणि फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘वापरलेला माल परत घेत नाही.’ नंतर नंबर बंद. अ‍ॅपवाल्यांनी विनम्रपणे हात वर केले.

उपाय निघाला अगदी स्वस्तात. ३८ एस अँड डब्ल्यू या जुन्या काडतुसाची गोळी ०.३६१ ची असते. त्याचा एक्स्पांडर प्लग माझ्या नऊ एमएमच्या डायमध्ये बसला. मोजून घेतला, हे सांगायला नको. रिंगवाला क्रिम्प डाय काढून साधा टेपर क्रिम्प लावला, फाकलेलं तोंड सरळ होण्यापुरताच. आता डमीतून काढलेली गोळी ०.३५७८ भरते. काडतुसाची बाहेरची जाडी ०.३७९ येते, ०.३८० च्या मर्यादेत, आणि सुट्या बॅरलच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) सोडलं की ‘टक’ करून बसतं. नाही बसलं तर कदाचित तुमचं चेंबर घट्ट असेल आणि गोळी इंचाचा एक हजारांश बारीक घ्यायला हवी.

असा ‘खास बनवलेला’ सेट कुणी विकत असेल तर त्याच्यासमोर प्लग मोजा आणि स्वतः भरलेली एक डमी क्रिम्प डायमध्ये घालून, गोळी काढून दाखवायला सांगा. प्रामाणिक माणसाला पाच मिनिटं लागतील.

मागच्या महिन्यात पुन्हा शोला गेलो होतो. तोच माणूस, दुसऱ्या कोपऱ्यात, टेबलावर तसाच लाल डबा. मला त्याने ओळखलं नाही. मी खिशातून मायक्रोमीटर काढला तसं त्याने झाकण लावलं आणि म्हणाला, ‘हा विकला गेलाय.’