पर्जन्यवृक्षावरचा मिलीबग: फवारणी की खोडात इंजेक्शन?

वाशीतल्या मावशींच्या सोसायटीत सध्या हाच वाद पेटलाय. गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांवर मिलीबगचा, म्हणजे रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणाचा, पांढरा कापूस चढलाय, खाली लावलेल्या गाड्या चिकट झाल्यात, खोडावर मुंग्यांची रांग. औषधवाल्यांची पत्रकं बाजूला ठेवून बोलू.

खर्चात निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी स्वस्त. पण झाड तीन मजली! उंच फवारा मारणारा पंप, माणूस, आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा तेच. वर मेणाच्या थराखालची कीड वाचतेच. इंजेक्शन महाग, पण असर बराच टिकतो.

मेख वेगळीच आहे. इंजेक्शनचं औषध वर चढतं ते झाडातल्या पाण्याबरोबर. मे महिन्यात माती कोरडी, बुंध्याला पेव्हर ब्लॉक भिडलेले, मग ते शेंड्यापर्यंत पोचणार कसं? तहानलेलं झाड किडीलाही आवरू शकत नाही. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६च्या दुष्काळात पाण्याअभावी पाइनची झाडं साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना आपल्या चिकट राळेने हाकलू शकली नाहीत. दहा कोटींवर झाडं गेली. तेव्हा काहीही करा, आधी ब्लॉक उखडा आणि पाणी द्या.

शिवाय ऐन फुलोऱ्यात इंजेक्शन नको, मधमाश्या मरतात. भोकांची जखमही राहते.

झाड लहान किंवा कीड नुकतीच दिसली, तर फवारणी. मोठं, अजून हिरवं आणि पाणी मिळणारं असेल, तर फुलोरा सरल्यावर जाणकाराकडून इंजेक्शन. बहुतेक फांद्या वाळल्या असतील तर दोन्हीचे पैसे वाचवा आणि पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा; १९७५च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.